पद्मिनीसाठी दुसरे इंजिन निवडताना: नव्या मालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

फियाट डिलाइट, प्रीमियर प्रेसिडेंट आणि प्रीमियर पद्मिनी ही कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या एकाच गाडीची तीन नावे आहेत. १९६४पासून पुढची साडेतीन दशके ती थोड्याफार फरकाने तशीच बनत राहिली, आणि तिच्या बॉनेटखाली जवळजवळ सर्वत्र तेच १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. आज ही गाडी कोणी रोज ऑफिसला नेण्यासाठी घेत नाही. रविवारी सकाळी लोणावळ्यापर्यंत जाऊन यावे, लग्नाच्या वरातीत मिरवावी किंवा एखाद्या रॅलीत उभी करावी, या हौसेने ती घेतली जाते. हौसेच्या पहिल्या वर्षातच अनेकांना मेकॅनिककडून एक वाक्य ऐकावे लागते, "साहेब, इंजिन गेलंय, दुसरं टाकू या."

हा लेख त्या वाक्यानंतर काय करावे यासाठी आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो. शनिवार-रविवारच्या गाडीला सर्वांत ताकदवान इंजिन नको असते. गाडीच्या आरसीत, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रात, बसेल, आणि गिअरबॉक्स, ब्रेक व बॉडी यांना कमीत कमी हात लावायला लावेल, असे इंजिन हवे असते. पुढचे सगळे टप्पे याच कसोटीवर मांडले आहेत.

१. इंजिन खरोखर गेले आहे का, ते तपासा

गाडी धूर सोडते, चढावर दम तोडते आणि ऑईल खाते, एवढ्यावरून इंजिन बदलण्याचा निर्णय घेऊ नका. चारही स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन गेजने प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजायला सांगा. मोजताना इंजिन गरम असावे, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा आणि बॅटरी भरलेली असावी, नाहीतर आकडे फसवे येतात. चारही सिलिंडरचे आकडे चांगले आणि एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत असतील, तर दोष कार्बोरेटर, टायमिंग, प्लग किंवा डिस्ट्रिब्युटर यांपैकी कशात तरी असण्याची शक्यता अधिक असते आणि तो तुलनेने थोडक्यात सुटतो.

एखाद्या सिलिंडरचा आकडा पडलेला आढळला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल आत सोडून पुन्हा मोजा. आकडा लक्षणीय वाढला तर पिस्टनवरच्या रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, झिजलेले आहेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत, म्हणजे काम हेडपुरते, इंजिनाच्या वरच्या झाकणासारख्या भागापुरते आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच पडले असतील, तर बहुधा त्या दोघांमधील हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) यांच्यामधला सांधा बंद करणारा पत्रा, उडाले आहे. या गाडीचे हेड अॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असल्यामुळे, एकदा घाटात गाडी उकळली की हेड वाकते, गॅस्केट उडते, आणि मालकाला मात्र इंजिनच संपल्यासारखे वाटते.

जुन्या मेकॅनिकची एक पद्धत गेजशिवायही बरेच सांगून जाते. इंजिन चालू असताना ऑईल भरायचे झाकण काढून तो तळहात तोंडावर आडवा धरतो. तळहाताला ठोके जाणवतील अशी गरम हवा आणि निळसर धूर आला, तर तो मान हलवून "बॅक कॉम्प्रेशन आहे" म्हणतो. म्हणजे रिंगांच्या बाजूने वायू खाली उतरत आहे. हे निदान बहुतेक वेळा बरोबर असते, तरीही गेजचे आकडे कागदावर लिहून घ्या, कारण पुढे मशीन शॉपशी बोलताना तेच उपयोगी पडतात.

२. क्रमांक जुळवा, आणि ते आजच जुळवा

ब्लॉकवर ठोकलेला इंजिन क्रमांक, आरसी बुकातला क्रमांक आणि परिवहन विभागाच्या वाहन प्रणालीत दिसणारा क्रमांक, हे तीनही एकच आहेत का ते पाहा. ब्लॉकवरचा क्रमांक वाचण्यासाठी केरोसीन आणि तारेचा ब्रश पुरतो. ग्राइंडर किंवा खरखरीत पॉलिश पेपर त्या जागेवर कधीही चालवू देऊ नका. पुसट झालेला क्रमांक आणि मुद्दाम घासलेला क्रमांक यांत निरीक्षक भेद करीलच असे नाही.

या गाड्यांमध्ये क्रमांक न जुळणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. चाळीस-पन्नास वर्षांत कुठल्यातरी मालकाने इंजिन बदललेले असते आणि नोंद करायची राहून गेलेली असते. कधी हाताने लिहिलेल्या आरसी बुकावरून संगणकात नोंद करताना एखादा अंक चुकलेला असतो. जुन्या तीन अक्षरी नंबराच्या काही गाड्यांची नोंद तर प्रणालीत आलेलीच नसते आणि आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या नोंदीची संगणकात भर, करून घ्यावी लागते. यांपैकी काहीही तुमच्या बाबतीत असेल, तर नवे इंजिन विकत घेण्यापूर्वी ते निस्तरा. चुकीच्या क्रमांकावर दुसरा क्रमांक चढवायला गेल्यास दोन्ही प्रकरणे एकमेकांत अडकतात.

नोंदणीची मुदतही याच वेळी पाहा. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. मुदत संपलेल्या गाडीवर इंजिनबदलाचा अर्ज पुढे सरकत नाही.

३. गाडी पन्नाशीच्या पुढे असेल तर थांबून विचार करा

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल न झालेली दुचाकी वा चारचाकी तिच्यात बसते. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरमालिका मिळते आणि नोंदणी दहा वर्षांची असते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये ठरवलेले आहे. या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही, पण हौशी मालकाला तशीही ती रोज चालवायची नसते.

याचा अर्थ असा, की १९६४ ते १९७४च्या दरम्यानची डिलाइट किंवा प्रेसिडेंट तुमच्याकडे असेल, तर इंजिनाची निवड ही केवळ यांत्रिक गोष्ट राहत नाही. तिच्यात दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवणे म्हणजे व्हिंटेज नोंदणीचा दरवाजा स्वतःच्या हाताने लावून घेणे होय. अशा गाडीसाठी मी तरी मूळ ब्लॉक दुरुस्त करण्यापलीकडचा सल्ला देणार नाही, मग खर्च थोडा वाढला तरी चालेल. पद्मिनी नाव १९७४पासूनचे असल्यामुळे पहिल्या पद्मिनीही आता या वयोगटात येऊ लागल्या आहेत.

४. पर्याय तोलून पाहा

पहिला पर्याय: स्वतःचाच ब्लॉक नव्याने बांधणे. क्रमांक तोच राहतो, कागदपत्रांना हात लावावा लागत नाही, माउंटिंगपासून सायलेन्सरपर्यंत सगळे जसेच्या तसे बसते. ब्लॉकला तडा गेला नसेल तर हाच पर्याय उत्तम, आणि बोअर फार मोठा झाला असेल तरी स्लीव्ह, म्हणजे आत बसवायची नवी नळी, टाकून मूळ मापावर आणता येतो. मेकॅनिक मंडळी हा मार्ग टाळतात, कारण यात वेळ जातो आणि मशीन शॉपच्या तारखांवर अवलंबून राहावे लागते. तुमची गाडी रविवारची आहे, टॅक्सी नाही. दोन-तीन महिने ती उभी राहिली तर कोणाचा रोजगार बुडत नाही.

दुसरा पर्याय: त्याच जातीचे, १०८९ सीसीचे जुने इंजिन. ब्लॉक फुटला असेल, कनेक्टिंग रॉड तुटून बाजूने बाहेर आला असेल, तर हाच मार्ग उरतो. इंजिन गाडीत सरळ बसते, मात्र क्रमांक बदलत असल्याने आरटीओची आधी मंजुरी आणि नंतर नोंद आवश्यक ठरते. महाराष्ट्रात असे इंजिन मिळणे अजून अवघड नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली. त्याआधीच्या दोन दशकांत हजारो टॅक्सी मोडीत निघाल्या आणि त्यांची इंजिने जुन्या बाजारात आली.

तिसरा पर्याय: प्रीमियर ११८ एनईचे इंजिन. हे निसानच्या 'ए' मालिकेतील ११७१ सीसीचे इंजिन आहे. त्याच्या क्रँकशाफ्टला पाच मेन बेअरिंग आहेत, तर फियाटच्या इंजिनाला तीन, त्यामुळे ते वरच्या वेगाला अधिक शांत चालते. इंजिन म्हणून ते सरस आहे, यात वाद नाही. पण ते एकटे येत नाही. त्याच्याबरोबर त्याचा गिअरबॉक्स घ्यावा लागतो, स्टिअरिंगवरचा गिअर जाऊन फ्लोअर गिअर येतो, गाडीच्या तळाचा मधला उंचवटा, म्हणजे टनेल, कापावा लागतो, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलावी लागते आणि माउंटिंग नव्याने वेल्ड करावी लागतात. पद्मिनी ज्या फियाट ११००वर बेतली आहे, तिच्या घडणीत वेगळी चेसिस नाही, बॉडीच सारा भार पेलते. तिचा टनेल कापणे म्हणजे गाडीच्या मजबुतीलाच कापणे. शिवाय कारखाना एकच असला, तरी हे इंजिन त्याच प्रकारचे नाही आणि आरटीओत हाच मुद्दा नडतो.

चौथा पर्याय: मारुती जिप्सीचे १२९८ सीसीचे इंजिन. बदल करण्याच्या छंदात याचे नाव वारंवार निघते, कारण ते जिप्सीत उभे बसते आणि मागच्या चाकांना ताकद देते. मारुतीच्या इतर बहुतेक गाड्यांची इंजिने आडवी बसतात आणि पुढची चाके ओढतात, म्हणून ती पद्मिनीच्या कामाची नाहीत. जिप्सीच्या इंजिनाच्या इंजेक्शन आवृत्तीत मूळ फियाट इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट ताकद आहे, आणि पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेक, डिफरन्शिअल आणि पुढचे सस्पेन्शन न बदलता ही ताकद वापरणे धोक्याचे आहे, आणि ते सगळे बदलल्यावर ती गाडी पद्मिनी उरत नाही.

डिझेल इंजिन बसवण्याचा मोह काहींना होतो, कारण कारखान्याने स्वतःच १३६६ सीसीची डिझेल पद्मिनी काढली होती. आरसीवरचा इंधनाचा रकाना बदलण्याच्या नसत्या भानगडीत पडू नका.

विजेवर गाडी चालवण्याचा पर्याय कायद्याला मान्य आहे, पण एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे मंजूर झालेले आणि तुमच्याच मॉडेलसाठी मंजुरी असलेले किटच चालते. विक्रेत्याकडून मंजुरीच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. "सगळ्या जुन्या गाड्यांना चालते" हे उत्तर पुरेसे नाही.

५. कायदा काय म्हणतो, ते खरेदीआधी समजून घ्या

मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे, परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची आहे. पॉलिसीवर इंजिन क्रमांक छापलेला असतो. अपघातानंतर सर्वेक्षक बॉनेट उघडून क्रमांक पाहतो, आणि तो न जुळल्यास कंपनीला दावा नाकारायला आयते कारण मिळते. "जुन्या गाडीचे इंजिन कोण बघतंय" असे गॅरेजमध्ये सर्रास ऐकायला मिळते, त्याकडे कानाडोळा करा.

व्यवहारात वाट अशी आहे: त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे, त्याच इंधनाचे इंजिन निवडा. तुमच्या आरटीओकडे लेखी अर्ज करून आधी मंजुरी घ्या आणि काम झाल्यावर चौदा दिवसांच्या आत गाडी तपासणीला नेऊन आरसीवर नोंद करून घ्या. कार्यालयागणिक कागदांच्या मागणीत थोडा फरक पडतो, म्हणून एजंटाला विचारण्याऐवजी खिडकीवर जाऊन यादी लिहून आणा.

साधारणपणे पुढील कागद एका फाइलमध्ये तयार ठेवावेत:

- मूळ आरसी, चालू विमा आणि पीयूसी
- मालकाचे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- इंजिन विकणाऱ्याचे पक्के बिल, ज्यावर इंजिन क्रमांक, विक्रेत्याचा पत्ता आणि जीएसटी क्रमांक असेल
- इंजिन ज्या गाडीतून निघाले तिच्या आरसीची प्रत किंवा नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा
- इंजिन चोरीच्या गाडीचे नसल्याची, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पोलीस नागरिक सेवेवरून काढलेली एनओसी
- चेसिस क्रमांकाची आणि नव्या इंजिन क्रमांकाची पेन्सिल प्रिंट (क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा)
- इंजिन बसवणाऱ्या गॅरेजचे बिल
- गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे संमतीपत्र

जुन्या ब्लॉकवरचा क्रमांक घासून नव्यावर जुना क्रमांक ठोकून देण्याची 'सोय' कोणी सुचवली, तर त्या गॅरेजमधून गाडी उचला. तो सरळ फौजदारी गुन्हा आहे.

६. जुन्या बाजारात इंजिन पाहायला जाताना

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्यात नाना पेठेत जुन्या सुट्या भागांची दुकाने आहेत. तिथे सकाळी जा, मळके कपडे घाला आणि आपला मेकॅनिक बरोबर न्या. शक्यतो असा मेकॅनिक निवडा, ज्याचे त्या दुकानदाराशी देणेघेणे नसेल. सोबत टॉर्च, प्लग पाना, कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज, स्टीलची सरळ पट्टी, थोडे ऑईल आणि चिंध्या ठेवा.

इंजिन बहुधा जुन्या टायरवर टेकवून ठेवलेले असते आणि त्यावर ताजा चंदेरी रंग मारलेला असतो. या रंगाने हुरळून जाऊ नका. उलट तो रंग गॅस्केटच्या कडेवरून गेला असेल तर इंजिन न उघडता नुसते सजवले आहे हे ओळखा. पहिल्यांदा क्रमांकाची जागा पाहा. तिथला पृष्ठभाग आजूबाजूच्या ओतीवापेक्षा गुळगुळीत आणि चकचकीत असेल, किंवा अंक एका रेषेत नसतील, तर दर विचारण्याच्याही फंदात पडू नका.

नंतर प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडे ऑईल सोडा आणि क्रँकच्या पुलीचा नट पान्याने हळूहळू फिरवा. इंजिन दोन पूर्ण फेरे एकसारख्या जोराने फिरले पाहिजे. एका जागी अडकत असेल तर पावसात उघड्यावर राहून बोअरला गंज चढलेला असू शकतो. डिपस्टिक काढून ऑईलचा रंग पाहा. दुधाळ, कॉफीसारखा फेस आढळला तर पाणी ऑईलमध्ये गेले आहे; कारण गॅस्केट असू शकते किंवा ब्लॉकचा तडाही, आणि तो दुकानात उभ्याने कळत नाही. पुली हाताने पुढे-मागे ढकलून क्रँक किती हलतो ते पाहा. शक्य असेल तर ऑईलचा संप, म्हणजे इंजिनाखालची ऑईलची टाकी, उतरवायला लावा. दुकानदार कुरकुर करतो, पण गिऱ्हाईक खरे आहे हे पटल्यावर उतरवतो. संपच्या तळाशी बोटाने चाचपून चमकणारी पितळी किंवा रुपेरी बारीक भुकटी लागते का ते पाहा. ती बेअरिंगची असते.

टॅक्सीतून निघालेल्या इंजिनाविषयी एक विशेष सूचना. मुंबईच्या अनेक टॅक्सी पुढे सीएनजीवर धावल्या. हा वायू कोरडा जळतो आणि त्यात व्हॉल्व्ह सीट लवकर खाल्ल्या जातात. त्यामुळे ब्लॉक चांगला आणि हेड संपलेले, अशी जोडी वारंवार दिसते. तसे असेल तर 'हाफ इंजिन', म्हणजे हेडशिवायचा ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन एवढाच भाग कमी दरात मागा आणि स्वतःचे हेड दुरुस्त करून लावा.

विक्रेता "चालवून बघा, पंधरा दिवसांची गॅरंटी" म्हणाला, तर ते वाक्य बिलावर लिहून घ्या. तोंडी गॅरंटीला या बाजारात काही अर्थ नसतो.

७. मशीन शॉपला काय सांगायचे

स्वतःचा ब्लॉक असो वा आणलेला, तो उघडून मशीन शॉपमध्ये गेलाच पाहिजे. पुण्या-मुंबईबाहेरच्या वाचकांना कोल्हापूरचे उद्यमनगर हा चांगला पर्याय आहे. ओतकाम आणि इंजिनकामाची तिथली परंपरा जुनी असल्याने जुन्या ब्लॉककडे पाहून कोणी नाक मुरडत नाही.

मूळ बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर आहे. बोरिंग, म्हणजे झिजलेला बोअर कापून मोठा करणे, याआधी पूर्वीच्या मालकांनी किती ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा वाढीव माप) घेतली आहे ते पिस्टनवरच्या छापावरून पाहून घ्या, आणि आधी पिस्टन मिळवा, मग बोरिंग करा. या क्रमाचा आग्रह धरा, कारण बोरिंग होऊन ब्लॉक तयार आणि त्या मापाचे पिस्टन कुठेच नाहीत, अशा अवस्थेत गाड्या महिनोन्‌महिने अडकतात. शेवटच्या ओव्हरसाइजच्याही पुढे जाण्याऐवजी स्लीव्ह टाकणे शहाणपणाचे आहे. पातळ झालेल्या भिंतींचे इंजिन उन्हाळ्यात हमखास गरम होते.

हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाक मोजा आणि गरजेपुरतेच फेसिंग करा, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करून घ्या. व्हॉल्व्ह सीट नव्या बसवायच्या असतील तर कठीण धातूच्याच घ्या. भारतात १ फेब्रुवारी २०००पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. ही इंजिने त्याआधीच्या पेट्रोलसाठी बनली होती, आणि तेव्हा शिशाचे लेपन जुन्या मऊ सीटना सांभाळून घेत असे.

क्रँक ग्राइंडिंगनंतर जर्नलची, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागांची, मापे कागदावर लिहून घ्या आणि बेअरिंग त्याच मापाचे आहे याची पाकिटावरून खातरजमा करा. टायमिंग चेन, ऑईल पंप, वॉटर पंप आणि सगळे ऑईल सील या वेळी बदलूनच टाका. यात काटकसर करून काही वाचत नाही.

८. इंजिन बसवताना सोबत काय बदलावे

इंजिन बाहेर असताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग हाताशी येतात. रबरी माउंटिंग, ज्यांना गॅरेजमध्ये फाउंडेशन म्हणतात, तीही बदला. जुन्या माउंटिंगवर चांगले इंजिनही थरथरते आणि दोष मात्र इंजिनाला लागतो. रेडिएटर तांब्या-पितळेचा असल्याने तो उघडून साफ करता येतो, गरज पडल्यास नवा कोअर घालता येतो.

आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या, मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची वॉशर ते सहन करत नाहीत. नळ्या फुगतात आणि झिरपतात. इंजिनाच्या उष्णतेजवळ झिरपणारे पेट्रोल किती धोक्याचे हे सांगायला नको. इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या आणि पडदा लावा. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होते, म्हणून कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे मुख्य भोक, एक पायरी मोठा लागू शकतो. हे इथेनॉल हवेतले पाणीही ओढून घेते, त्यामुळे महिनाभर उभी राहणारी गाडी अर्धी टाकी ठेवून सोडू नका. पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात गाडी ठेवणाऱ्यांनी याकडे अधिक लक्ष द्यावे.

पीयूसीचा विचार कार्बोरेटर लावतानाच करा. या पिढीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांसाठी आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. नीट बांधलेले इंजिन तीत सहज बसते.

९. पहिले हजार किलोमीटर

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी प्लग काढून सेल्फवर इंजिन फिरवा, ऑईल प्रेशर आल्याची खूण पटल्यावरच प्लग लावा. २०डब्ल्यू-५० दर्जाचे साधे मिनरल ऑईल वापरा. महागडे सिंथेटिक ऑईल या काळात नको, त्याने रिंगा बसायला वेळ लागतो. पाचशे किलोमीटरपर्यंत वेग मध्यम ठेवा, पण चौथ्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरत ओढायलाही लावू नका. घाट, एक्स्प्रेसवे आणि वरात या तिन्ही गोष्टी पुढे ढकला. वरातीत तासभर पहिल्या गिअरमध्ये सरकणे हे नव्या इंजिनाला घाटापेक्षाही जड जाते. पाचशे किलोमीटरनंतर ऑईल आणि फिल्टर बदला, इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट ठरलेल्या क्रमाने पुन्हा टॉर्क रेंचने घट्ट करा आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हमधली फट, तपासा.

आरसीवर नवा क्रमांक चढला की त्याची प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीवर एन्डॉर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद, घ्या. वाहन प्रणालीत क्रमांक खरोखर बदलला का, ते स्वतः उघडून पाहा. पुस्तकावर शिक्का पडला आणि संगणकात जुनाच क्रमांक राहिला, असेही होते.

जुना ब्लॉक भंगारात देऊ नका. मूळ क्रमांकाचा ब्लॉक तडकलेला असला, तरी कास्ट आयर्न वेल्डिंगचे किंवा स्टिचिंगचे काम करणारे कारागीर आहेत, आणि पुढे कधी गाडी मूळ स्वरूपात आणायची ठरली तर तोच लागतो. बोअरमध्ये आणि जर्नलवर ग्रीस लावा, सगळी तोंडे बंद करा, फळीवर ठेवून प्लास्टिकने झाका आणि काढलेले सुटे भाग चिठ्ठ्या लावून त्याच्याशेजारी ठेवा. गाडी विकायची वेळ आली तर हा ब्लॉक, नव्या इंजिनाचे बिल आणि आरटीओची मंजुरी यांची फाइल गाडीबरोबरच खरेदीदाराच्या हाती द्या.